कावळेहाकल्या प्रोजेक्ट

"आमच्या वाडीत यापुढे एकही कावळा पपईला चोच लावणार नाही! लिहून घ्या!"

अनुजने हे कॉलेजच्या भर लॅबमध्ये सांगितलं. छाती अशी पुढे काढली की शर्टाच्या बटणाला घाम फुटला! बीएससी कॉम्प्युटर सायन्सचं शेवटचं वर्ष. बाकीची पोरं तीच ती लायब्ररीची अ‍ॅप बनवत होती. अनुजने डायरेक्ट आगाशीच्या आपल्या वाडीत कॅमेरा लावला. कॅमेऱ्याने पपईवर नजर ठेवायची, कावळा दिसला की ओळखायचा आणि भोंगा वाजवायचा! कॉम्प्युटरला शिकवायला त्याने कावळ्यांचे तीन हजार फोटो काढले. शेवटी शेवटी तर कुठला कावळा कुणाचा भाऊ, हेही त्याला कळायला लागलं होतं.

त्याचे गाईड कॉन्रॅड सर मात्र कारल्याहून कडू. "अनुज, भाषण नको. सात दिवसांचा लॉग दे. मशीनने काय पाहिलं, काय केलं, सगळी नोंद. मध्ये एक मिनिट जरी बंद पडलं, तरी डेमो नाही. आणि डेमो नाही तर वर्ष गेलं!"

भोंग्यात आवाज कुठला भरायचा, तिथे घोडं अडलं. फटाके लावले, कावळे ढिम्म. कुत्रा लावला, घुबड लावलं. एक कावळा तर भोंग्यावरच बसून आरामात पपई खायला लागला! अनुजचं डोकं सटकलं. तेवढ्यात जुन्या मोबाईलमध्ये त्याला हरेश्वर आजोबा सापडले. आजोबांना जाऊन दोन वर्षं झाली होती, पण कावळ्यांवर ओरडतानाचा त्यांचा व्हिडिओ शाबूत होता.

"कुणाच्या बापाचं आहे रे? हात लावलास तर तंगडी मोडीन! चल, नीघ!"

आजोबांची बेचकी अख्ख्या काकजातीला पाठ. भोंग्यातून पहिली हाक सुटली आणि सगळे कावळे अर्नाळ्याच्या दिशेने पसार!

सहा दिवस मशीन नुसतं गाजलं. सातव्या दिवशी दुपारी चारला लॉग पूर्ण होणार होता. आणि त्याच दिवशी होतं आजोबांचं पितृपक्षातलं श्राद्ध! आई चंद्रकांता चार दिवस सांगत होती, पण पोराचं डोकं लॅपटॉपमध्ये. गुरुजींची स्कूटर अंगणात लागली तेव्हा त्याची ट्यूब पेटली. आज कावळा हाकलायचा नव्हता. आज कावळ्याला जेवायला बोलवायचं होतं!

अनुजचे बाबा जहाजावर नोकरीला. श्राद्धाला बसायला विरारहून थोरले दयारामकाका आलेले, होळी गावाहून जिजाआत्या. दोघांना मशीनचा पत्ता नव्हता. अनुजही गप्प. काकांना कळलं तर ते पहिली वायर उपटतील!

"काका, पान मागे विहिरीपाशी ठेवू या ना," अनुज गोड आवाजात म्हणाला. "तिकडे कावळे जाम येतात."

अर्धा तास झाला, कावळ्याचं पीसही नाही. पोटात भूक, आतून वड्यांचा वास. काका भडकले. "मागे कशाला? बाबा नेहमी पपईखाली बसायचे!" आणि खीर-वड्यांचं पान उचलून त्यांनी ते थेट कॅमेऱ्यासमोरच्या कुंपणावर ठेवलं.

लगेच एक कावळा उतरला. जिजाआत्याने हात जोडले. "आले गो, बाबा आले!" कावळ्याने वड्यावर चोच नेली...

"कुणाच्या बापाचं आहे रे? हात लावलास तर तंगडी मोडीन!"

कावळा उडाला. आत्या मटकन खाली बसली. गुरुजींच्या हातून पळी पडली. काकांचा चेहरा तांदळाच्या पिठासारखा पांढराफटक!

"दादा, बाबा रागावलेत!" आत्या रडायलाच लागली. "बाबा, तुमचा पितळी पानाचा डबा मीच नेला हो! उद्या परत आणते!"

दुसरा कावळा आला. परत गर्जना! "कुणाच्या बापाचं आहे रे?"

काका थेट जमिनीवर आडवे! "तुमचंच आहे, बाबा, तुमचंच! मी बिल्डरला नुसतं विचारलं होतं. वाडीचा एक कोपराही विकत नाही! शप्पथ!"

कुठला बिल्डर? अनुज हे पहिल्यांदाच ऐकत होता. हसावं, रडावं की पळावं, त्याला कळेना. इतक्यात झारा हातात घेऊन आई बाहेर आली. "काय चाललंय? भावोजी, उठा! बाबा कुठले? हा ह्याचा कॉलेजचा भोंगा आहे! आठवडाभर माझे कान खातोय!"

काका उठले. अंगाची माती झटकली. पपईच्या पानांत हात घातला आणि खाऽऽड! वायर उपटली.

"सहा दिवस वीस तास!" अनुज किंचाळला. "काका, फक्त चार तास राहिले होते!"

"गप! आणि ते बिल्डरचं बोललो, ते धरू नका कुणी."

"धरलं," आई म्हणाली. "गुरुजी साक्षीला आहेत."

मशीन बंद झालं तरी कावळा काही येईना. दोनदा जीव मुठीत घेऊन पळालेली जात ती, तिसऱ्यांदा कशाला येतेय? शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पानाला लावला, तेव्हा कुठे तीन वाजता पंगत बसली.

दुसऱ्या दिवशी कॉन्रॅड सरांनी सगळं ऐकलं आणि दहा मिनिटं पोट धरून हसले. मग डोळे पुसून म्हणाले, "दया म्हणून एक चान्स देतो. परत सात दिवस. पण लॉगमध्ये रोज निदान पाच कावळे हाकललेले दिसले पाहिजेत."

"पाच काय सर, पन्नास!" अनुज उड्या मारतच घरी आला आणि मशीन चालू केलं.

पहिला दिवस, कावळे शून्य. दुसरा दिवस, शून्य. कॉम्प्युटरला शिकायला तीन हजार फोटो लागले होते, कावळे आठवड्यात शिकून पास होऊन गेले होते!

तिसऱ्या दिवशी सकाळी आई अंगणात आली, तर अनुज पपईखाली केळीचं पान मांडून उभा. हातात गरम वडा, मान आभाळाकडे, आवाज रडवेला. "काव, काव! ये रे बाबा! एकदाच शिव!"

"काय रे," आई म्हणाली, "आज कोणाचं श्राद्ध?"

"माझ्या प्रोजेक्टचं!"