तेवीस दप्तरांचं घड्याळ

टर्रर्रर्र!

दुपारचे तीन वाजून सात मिनिटं झाली होती. सूनबाईची लेक चिमणी नुकती कुठे झोपली होती. सूनबाईने शिवणाच्या मशीनवरून पाय काढून भिंतीला पाठ टेकली होती आणि सकाळपासून पहिल्यांदाच घरात कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. नेमकं तेवढं बघून फळीवरचं गजराचं घड्याळ बोंबललं.

"वाजलं मेलं!" आतल्या खोलीतून सासूबाई ओरडल्या. "झोपेचं खोबरं केलं!"

सूनबाईने धावत जाऊन घड्याळाच्या टाळक्यावर थापट मारली. ते एकदा गुरगुरलं आणि गप्प झालं.

ही खोड त्याला सूनबाईच्या नवऱ्याने लावली होती. तो जहाजावर इंजिनाच्या खोलीत कामाला होता. अख्खं जहाज पुढे ढकलणारी यंत्रं त्याच्या हाताखाली मुकाट चालत. पण सात महिन्यांपूर्वी, निघायच्या आदल्या दिवशी, त्याने हे घड्याळ "जरा बघतो" म्हणून खोललं. परत जुळवलं तेव्हा दोन स्क्रू आणि एक स्प्रिंग उरली. "कंपनीने जास्तीचीच घातली होती," असं म्हणून त्याने ती काडेपेटीत ठेवली आणि तो गेला. तेव्हापासून घड्याळ वेळ बरोबर दाखवायचं, गजर मात्र आपल्या मर्जीने. कधी ऐन आंघोळीच्या वेळी, कधी पाहुण्यांच्या तोंडावर, कधी दिवसातून चारदा.

"एकदा घराबाहेर काढ बाई ते," सासूबाई रोज म्हणत.

"काढतेच," सूनबाई रोज म्हणे. आणि रोज विसरे.

त्या दिवशी मात्र मागोमाग दाराची बेल वाजली. दारात गल्लीच्या टोकाच्या सरकारी शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांना सगळेच मोठ्या बाई म्हणत. सूनबाई त्यांच्याच हाताखाली शिकलेली. त्या काळी वडिलांच्या बाजाराच्या पिशवीत पुस्तकं घालून जायची. अजूनही मोठ्या बाई समोर आल्या की तिचे हात आपोआप मागे जात.

"एकेचाळीस पोरं अजून पिशवीतच पुस्तकं आणतात," मोठ्या बाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "भाजीची, औषधांची, मिळेल ती. परवा एकीची पिशवी फाटली आणि सबंध भूगोल गटारात गेला. म्हणून शनिवारी लिलाव ठेवलाय. घरातली एखादी जुनी वस्तू द्या. बोली मात्र दप्तरांत लावायची, पैशांत नाही."

"म्हणजे कशी हो?"

"एक दप्तर, दोन दप्तरं, अशी. पैसा म्हटलं की माणूस हिशेब मागतो. दप्तर म्हटलं की त्याला पोर दिसतं."

टर्रर्रर्र!

"हे काय आहे?" मोठ्या बाईंनी फळीकडे पाहिलं. "हे चालेल की!"

सूनबाई सासूबाईंकडे बघायला लागली, सासूबाई सूनबाईकडे.

"आईंना हवं असेल तर..."

"मला? मला काय करायचंय त्याचं? तुलाच ठेवायचं असेल तर ठेव हो. शेवटी तुझ्या नवऱ्याने..."

"छे! माझी तर कटकट जाईल. तुमच्या मुलाने दुरुस्त केलेलं, म्हणून आपलं म्हटलं."

"मुलाने बिघडवलेलं म्हण! न्या हो बाई. खुशाल न्या."

त्या घरात एक नियम होता, कुणी न केलेला. जहाजावर गेलेल्याची आठवण आली तरी दुसरीला दाखवायची नाही. एक रडायला लागली तर दुसरीला आवरणार कोण? त्या नियमापायी घड्याळ मोठ्या बाईंच्या झोळीत गेलं आणि दोघींनी दारात उभं राहून हसत निरोप दिला.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता घरात इतकी शांतता होती की दोघींनाही झोप लागेना. सासूबाई उठून रिकामी फळी पुसत बसल्या. सूनबाईने एकाच काजाला तीनदा दोरा घातला.

चिमणी उठली ती डोळे चोळत फळीखाली जाऊन उभी राहिली. "आई, बाबांनी आज आठवण नाही काढली?"

"म्हणजे?"

"बाबांनी सांगितलंय मला. कानात. घड्याळ वाजलं ना, की समजायचं बाबांनी तिकडे चिमणीची आठवण काढली." मग तिने बोट ओठांवर ठेवलं. "आजीला सांगू नको. गुपित आहे."

सूनबाईने मशीनकडे तोंड फिरवलं. दोरा ओवायच्या निमित्ताने माणसाला बराच वेळ डोळे बारीक करून बसता येतं.

गुपित पोटात ठेवणं चिमणीला काही जमणारं नव्हतं. संध्याकाळी वेणी घालताना तेच तिने आजीच्या कानात सांगितलं, आणि "आईला सांगू नको" असंही बजावलं.

दुसऱ्या दिवशी सूनबाईने शाळा गाठली. मोठ्या बाईंनी चष्मा नाकावर सरकवला. "दिलेली वस्तू यादीत चढली. आता परत हवी तर बोली लाव."

"बाई, पण ते आमचंच..."

"बोली लाव."

सूनबाई बाहेर पडली आणि मोठ्या बाईंना हसू आलं. तासाभरापूर्वी समोरच्या खुर्चीत बसून सासूबाईंनी हेच विचारलं होतं. त्यांना हेच उत्तर मिळालं होतं.

शनिवारी सकाळी सूनबाई म्हणाली, "दोरा संपलाय, आणते जाऊन."

"आण. मीही जरा गुडघा दाखवून येते डॉक्टरला," सासूबाई म्हणाल्या. चिमणीला दोघींनी मिळून शेजारच्या काकूंकडे सोपवलं.

शाळेच्या हॉलमध्ये सूनबाई पहिल्याच बाकावर बसली. लिलाव पीटीचे सर करत होते, शिट्टी वाजवून. छत्री दोन दप्तरांना गेली, फुलदाणी तीनला. मग घड्याळ आलं.

"एक दप्तर!" सूनबाई ओरडली.

"दोन," मागून आवाज आला. जाड, घोगरा आणि मुद्दाम काढल्यासारखा. हॉलच्या मागच्या बाजूला उभा फळा होता. फळ्याच्या वर फक्त एक काठी दिसत होती.

"चार!"

काठी हलली. "पाच."

सूनबाईला घाम फुटला. दप्तरं विकत घ्यायची तिची ऐपत नव्हती. ती शिवणार होती. प्रत्येक बोलीला ती मनातल्या मनात घरातलं कापड फाडत होती. सहा, म्हणजे पुढच्या खोलीचे पडदे गेले. नऊ, मशीनवरचं आच्छादन आणि दोन पलंगपोस. चौदा, शिवायला आलेल्या कापडांचे तुकडे, गिऱ्हाइकांची माफी मागून.

"पंधरा," काठी म्हणाली.

"अहो, कोण आहे ते मेलं?" सूनबाई शेजारणीला म्हणाली. "भंगार घड्याळ आहे हो ते! कुणाला एवढा पुळका आलाय?"

मोठ्या बाई मंचावर बसून दोन्ही बाजू बघत होत्या. सगळा जन्म त्यांनी पोरींची भांडणं सोडवण्यात घालवला होता. आज पहिल्यांदाच त्या न सोडवता गप्प बसल्या. छत्री आणि फुलदाणीची पाच धरून एकेचाळीसातली वीस झाली होती.

"बावीस" म्हणून सूनबाई थांबली. घरात आता एकच जाड कापड उरलं होतं. कपाटातली नवऱ्याची खाकी पँट. ती तिने सात महिन्यांत धुतलीही नव्हती. त्यापुढे बोलायचं नाही, असं तिने ठरवलं.

"तेवीस!" काठी गरजली.

"तेवीस एक... तेवीस दोन..." फुर्रर्र! शिट्टी वाजली. "घेणाऱ्यांनी पुढे यावं!"

फळ्यामागून आधी काठी आली, मग कानातोंडाला गुंडाळलेला मफलर, मग सासूबाई.

"तुम्ही?"

"तू? तुला दोरा आणायचा होता ना?"

"आणि तुमचा गुडघा?"

"बोली काय गुडघ्याने लावतात?" सासूबाईंनी मफलर सोडला. त्यांचं नाक लाल झालं होतं. "पोर फळीखाली जाऊन उभी राहते गं. बघवत नाही."

"मग मला सांगायचं! मी बावीसपर्यंत कशाला गेले असते?"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

मग सूनबाईला एकदम सुचलं. "आई, पण तेवीस दप्तरं तुम्ही आणणार कुठून?"

"कुठून म्हणजे?" सासूबाईंना खरंच नवल वाटलं. "तू शिवणार ना! त्याच भरवशावर तर एवढी बोलले."

सूनबाईने कपाळावर हात मारला. जिंकली असती तर बावीस शिवायची होती. हरली म्हणून तेवीस.

"तेराच राहिली," मोठ्या बाई मागून प्रेमाने म्हणाल्या. "घरातलं अजून काही नको असेल तर कळवा."

पीटीचे सर घड्याळ घेऊन आले. चेहरा खुललेला. "नुसतं नाही देत हां! शाळेच्या नावाने बिघडलेला माल कसा विकायचा? काल अख्खी दुपार खर्ची घातली. दोन स्क्रू नव्हते, स्प्रिंग गायब. कुठल्या अडाण्याने खोललं होतं कोण जाणे! आता टकाटक. सकाळी सहा, संध्याकाळी सहा. मधे हूं की चूं करणार नाही."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, सुनेने सासूबाईंकडे. दोघी म्हणाल्या, "आभारी आहोत."

घरी येऊन सासूबाईंनी घड्याळ हलवून पाहिलं. "जरा आपट ना गं."

"तुम्हीच आपटा. तुमच्या मुलाचं आहे."

"माझा हात धजत नाही."

"मग माझा धजेल?"

सूनबाईने काडेपेटी उघडली. आत अजूनही दोन स्क्रू, एक स्प्रिंग. "कुठले काढले होते, ते त्यांनाच विचारलं पाहिजे."

"फोन कधी येणार त्याचा?"

"किनारा लागला की."

सहाला गजर झाला. चिमणी टाळ्या पिटत नाचली. "आली, आली! बाबांना आठवण आली!" दोघीही तिच्याबरोबर हसल्या, जरा जास्तच मोठ्याने.

मग दप्तरांचा कारखाना सुरू झाला. सासूबाई आत बसून कापत, सूनबाई बाहेर शिवत. खाकी पँट बाहेर निघाली तेव्हा सासूबाईंनी ती हातातून काढून घेतली. "हिला कात्री लावायची नाही. माझी चादर घे." पडद्याची पहिली चार दप्तरं शाळेत गेली. भूगोल गटारात गेलेली मुलगी त्यातलं एक पाठीवर टाकून उगाचच दोन वेळा गल्लीतून चक्कर मारून गेली.

चौथ्या दिवशी दुपारी तीनला मशीन चालू होतं. आत कात्री कुरकुरत होती. चिमणी झोपली नव्हती. फळीखाली पाट ओढून ती मघापासून घड्याळाकडे मान वर करून बसली होती. तीन वाजून सात मिनिटं झाली. आठ झाली. दहा.

"आई."

"काय गं?"

"बाबांना आता फक्त सहा वाजताच आठवण येते?"

मशीन थांबलं. आतली कात्रीही थांबली.

"मधे कधीच नाही येत?"