वामनरावांच्या आवाजाची फर्माइश

नभोवाणी केंद्रातले निवेदक वामनराव हळबे यांच्या आवाजाचे वय चोपन्न झाले, म्हणून सोमवारी सकाळी तो भांडारात जमा करून घेण्यात आला आणि वामनरावांना बावीस वर्षांचा आवाज देण्यात आला.

तरुण श्रोते पॉप गाण्यांच्या मागे दुसऱ्या स्टेशनांकडे चालले होते. केंद्राने दुपारी चार ते पाच हा तास त्यांच्यासाठी काढला, आणि त्या तासाला जुना आवाज शोभत नाही असे वरून कळवण्यात आले. वामनरावांनी सही केली. भांडारपाल तांबोळींनी आवाज टेपवर उतरवून डब्यात ठेवला.

"पंधरा दिवस ठेवतो साहेब. तेवढ्यात कुणा श्रोत्याची फर्माइश आली तर परत. नाहीतर पुसून टेप पुन्हा वापरायची. टंचाई आहे."

"मीच मागितला तर?"

"कर्मचाऱ्यांना फर्माइश करता येत नाही. रोज तुम्हीच सांगायचात की."

नवा आवाज गुणी होता. फक्त 'स्नेहपूर्ण नमस्कार' त्यात बसत नसे. घशातून वर येईपर्यंत त्याचे 'काय दोस्तांनो!' होई.

संध्याकाळी दारातून त्यांनी हाक मारली, "कुमुद, चहा टाक."

कुमुदताई पदर सावरत बाहेर आल्या. त्यांनी बराच वेळ निरखून पाहिले. "चेहरा ह्यांचा आहे. बोलणारा कोण?"

"अगं, मीच."

"अगं? तुझ्या आईच्या वयाची आहे मी. बस तिथे, चहा देते."

चहा आला, पण त्यांच्या नेहमीच्या पेल्यात नव्हे, पाहुण्यांच्या कपबशीत.

वामनरावांना वाईट वाटले, पण तिचे चुकत होते असेही म्हणवेना. लग्नाआधी राजापूरहून कुमुद करंदीकर दर आठवड्याला पोस्टकार्ड पाठवायची आणि वामनराव फर्माइशीच्या यादीत तिचे नाव वाचायचे. दोन वर्षे असे चालले. मुलगी पाहायला गेले तेव्हा त्यांनी रीतीप्रमाणे नाव विचारले, तर ती मान खाली घालूनच हसली, "तुम्हीच तर वाचता." आवाज पाहून लग्न केले, बाकीचे त्याच्याबरोबर आले, असे ती मैत्रिणींना सांगायची.

फर्माइशीचा नियम कळताच कुमुदताईंनी केंद्राला कार्ड टाकले: 'ह्यांचा आवाज ऐकवावा.' चौथ्या दिवशी ते परत आले. 'आवाजाचे नाव लिहावे. ह्यांचा आवाज मागणारी नऊ पत्रे येथे पडून आहेत.'

तीस वर्षांत कुमुदताईंनी नवऱ्याचे नाव कधी लिहिले नव्हते. घेतले असेल ते उखाण्यात, तेही हळदीकुंकवाला, चार बायकांनी अडवल्यावर.

'लिही ना एकदा' असे वामनराव म्हणणार होते. तोंडातून निघाले, "लिहा ना काकू!"

"तू मध्ये बोलू नकोस," कुमुदताई म्हणाल्या आणि कोरे कार्ड घेऊन आत गेल्या. ते आठ दिवस कोरेच राहिले.

पंधराव्या दिवशी चार वाजून वीस मिनिटांनी, दोन पॉप गाण्यांच्या मध्ये, वामनरावांच्या हाती ते कार्ड आले. नियमाप्रमाणे त्यांनी ते मोठ्याने वाचले:

"काटा फिरवून पाहिला डावीकडे, उजवीकडे,
वामनरावांचा आवाज पाठवा, चहा निवतोय इकडे."

तांबोळींनी पुसायला काढलेली टेप धावत आणून यंत्रावर चढवली.

"स्नेहपूर्ण नमस्कार," जुना आवाज म्हणाला. "चार वाजून बावीस मिनिटं झाली आहेत." पुढचे वाक्य कागदावर नव्हते. "चहा झाकून ठेव. आलोच."

पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या मुलामुलींची एकशे चाळीस कार्डे आली, सगळी उखाण्यात. काहींना पॉप गाणे हवे होते, बहुतेकांना वामनरावांचा आवाज. केंद्राने विचार करून दोन्ही आवाज चार ते पाचला कायम केले. पाचनंतर ते घरी नेण्यास हरकत नाही, असा शेरा मिळाला.

त्या संध्याकाळी वामनराव पायरीवर चपला काढत होते.

"कुमुद, चहा टाक."

"टाकलाय, या," आतून आवाज आला.

कुमुदताईंनी नेहमीचा पेला त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला. मग कपबशी आणून डाव्या हाताशी ठेवली.

"आणि तू रे," त्या म्हणाल्या, "साखर पुरे का?"

"मस्त आहे, काकू," वामनराव म्हणाले.