तबकडीसाहेबांचे बारा हजार नकाशे

मोठे साहेब रेकॉर्ड रूममध्ये शिरले तेव्हा तबकडीसाहेब एका डिस्कवर चहा ओतत होते.

"अहो, हे काय चाललंय?"

"प्रात्यक्षिक, साहेब! पुसली की झाली नवी. त्या एसएसडीवर ओतून दाखवा म्हणावं!"

हे तबकडीसाहेब म्हणजे रेकॉर्ड रूमचे प्रमुख. डिस्कची आरती ओवाळून ओवाळून हे टोपणनाव त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. आज मात्र चेष्टेची वेळ नव्हती; डिस्क की एसएसडी, अशी स्पर्धाच साहेबांसमोर लागणार होती. कचेरीचे नकाशे एसएसडीवर, म्हणजे त्या नव्या, झटपट चालणाऱ्या साठवणीच्या डबीवर गेले, तर रेकॉर्ड रूमला कुलूप लागणार होतं आणि नोकरीचं शेवटचं वर्ष त्यांना टपालाच्या टेबलावर पाकिटं चिकटवत काढावं लागणार होतं.

"बारा हजार नकाशे एका डिस्कमध्ये बसवलेत मी," ते म्हणाले. एवढे बसले कसे, असा प्रश्न खरं तर पडायला हवा होता. पण शंका घ्यायला डोकं लागतं, छाती फुगवायला लागत नाही.

"आणि तेच मी गेल्या महिन्यात डिस्कवरून या एसएसडीवर घेतले. दोन मिनिटांत!" साहेबांच्या मागोमाग आलेल्या संगणक विभागाच्या इंजिनिअर बाई म्हणाल्या.

"बरं, उघडा," साहेब म्हणाले.

डिस्क घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. पाऊण मिनिटानं पडद्यावर आलं: फाइल सापडत नाही.

बाई गालात हसल्या. त्यांनी एसएसडी जोडली. क्षणात उत्तर आलं: फाइल सापडत नाही.

आता बाईंचं हसू मावळलं. त्यांनी वाकून पाहिलं. "अहो, या प्रत्येक चित्रावर हा बाण कसला? हे तर शॉर्टकट आहेत! नुसते फाइलींचे पत्ते! नकाशे स्कॅन केले त्या जुन्या कॉम्प्युटरवरच राहिलेत."

"कुठाय तो?" साहेबांनी विचारलं.

तबकडीसाहेब पुटपुटले, "भंगारात. सगळं डिस्कवर सुरक्षित आहे असं लिहून, सही करून, मीच पाठवला." यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण!

"आणि बाई, तुम्हाला दोन मिनिटांचं नवल नाही वाटलं?" साहेब बाईंकडे वळले.

"वाटलं ना. मला वाटलं, एसएसडी भारीच आहे!"

साहेबांनी कपाळाला हात लावला. "स्पर्धा एसएसडी जिंकली. नकाशे नाहीत हे तिनं लवकर सांगितलं. मूळ कागद तरी शाबूत आहेत ना?"

"कपाटात आहेत, साहेब. एकूण एक."

"मग पुन्हा स्कॅन करा, दोघं मिळून. आणि डिस्क, एसएसडी, दोन्हीवर ठेवा. किती दिवस लागतील?"

तबकडीसाहेबांनी बोटांवर हिशेब केला. "रोज चाळीस धरले तर... वर्ष जाईल."

"म्हणजे तोवर ही खोली बंद करता येणार नाही!" साहेब चडफडत निघून गेले.

तबकडीसाहेबांनी मान खाली घातली. शरमेनं कान तापले होते. पण खोटं कशाला बोला, मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. त्यांनी कपाट उघडलं आणि पहिला नकाशा बाईंच्या हातात दिला.

"सावकाश हं," ते म्हणाले. "घाई कसली?"