दांडा वजा जाता कार्बन

"कार्बन म्हणजे किती किलो?" एवढंच नवलने विचारलं, आणि तिथेच सगळं फिसकटलं.

विचारलं कुणाला, तर रोहिदासभाऊंना. ते त्याच्या वहिनीचे भाऊ, धुळ्याच्या एका कॉलेजात पर्यावरण शिकवणारे. दीपमालावहिनीने त्यांना मुद्दाम असोद्याला बोलावून घेतलं होतं, कारण घरच्या मागच्या खोलीत प्रेमराजचं मशीन होतं, आणि ते आता घराबाहेर जावं असं तिला वाटत होतं.

प्रेमराज म्हणजे नवलचा मोठा भाऊ. जगात कुणी कुणाला डिजिटल नाणं पाठवलं, की तो व्यवहार पक्का करायला ठिकठिकाणची अशी मशीनं रात्रंदिवस राबतात आणि त्याबद्दल मालकाला थोडंफार नाणं मिळतं, असं त्याने नवलला समजावलं होतं. (नवलने आठवीतच शाळा सोडली होती. एवढं समजायला त्याला अख्खा उन्हाळा लागला.) मशीन गार राहावं म्हणून प्रेमराजने भिंतीत दोन दणदणीत पंखे बसवले होते. फाल्गुनात प्रेमराज गेला. पंखे घरघरत राहिले.

नवलने त्या दिवसापासून आपली खाट त्या खोलीत टाकली आणि मशीनला कुणाला बोटही लावू दिलं नाही. डोळे मिटून त्या घरघरीत पडलं, की भाऊ पाठमोरा बसून काहीतरी खटपट करतोय असं वाटायचं. वहिनीला नेमकं तेच वाटायचं, म्हणून तिला झोप यायची नाही. पण हे दोघांपैकी कुणीच बोललं नव्हतं. बोलणं चालायचं ते उकाड्याचं. वैशाखातलं जळगावकडचं ऊन, भिंतीला पाठ टेकवत नव्हती, आणि घरातले सगळे म्हणायचे, मशीन तापतंय.

रोहिदासभाऊंनी चहा घेतला आणि विषय कॉलेजातल्यासारखा मांडला. अशा सगळ्या मशीनांची वीज धरली, तर एकेका व्यवहारामागे कित्येक किलो कार्बन हवेत जातो.

किलो म्हटल्यावर नवलला धीर आला. किलोतलं त्याला कळत होतं. घरात दोन पिढ्या केळी काट्यावर चढत आली होती.

"भाऊ, हे किलो दांड्यासकट की दांडा वजा करून?"

"कार्बनला दांडा नसतो, नवलभाऊ."

"व्यापारी घड मोजतो, पण दांड्याचं वजन कापतो. दांडा कोणी खात नाही. तसे हे पंखे. ते कुठे व्यवहार करतात? त्यांची वीज कापा."

रोहिदासभाऊ विचारात पडले. इतक्या वर्षांत कुठल्याच विद्यार्थ्याने त्यांना इतका नीट प्रश्न विचारला नव्हता. त्यांचा चेहरा पाहून नवलला चेव आला. झाडं कार्बन खातात असं तुम्हीच मागे सांगितलं होतं, तेव्हा आमची केळीची बागही वजा करा, असं त्याने पुढे रेटलं.

वहिनी दारात उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "मोजा. आपल्या फ्रिजपेक्षा जास्त निघालं, तर मशीन आजच बाहेर."

मोजायचं कसं, तर ओट्यावरच्या मीटरवर. त्यातला लाल दिवा विजेच्या वापराप्रमाणे लुकलुकतो. वापर जास्त, तर घाई जास्त. आधी एकट्या फ्रिजवर तो कसा लुकलुकतो ते पाहून घेतलं. मग फ्रिज, कूलर, टीव्ही, सगळं बंद करून फक्त मागची खोली चालू ठेवली. नवलची आई कमलबाई सुपाने वारा घेत ओट्यावर बसली. तिचं माहेर धुळ्याकडचं आणि बोलणं अजून तिकडचंच. "कार्बन सापडना का? मना जीव चालना," ती म्हणाली. कार्बन एकदाचा सापडला का, उकाड्याने तिचा जीव चालला होता.

मीटरचा दिवा अगदी निवांत लुकलुकत होता. फ्रिजपेक्षाही निवांत.

रोहिदासभाऊंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. हे अशक्य आहे, असं मशीन तर दिव्याला श्वास घेऊ देणार नाही, असं ते पुटपुटले. नवलची छाती फुगली. भावाचं मशीन भावासारखंच, थोडक्यात भागवणारं. इथेच त्याने थांबायला हवं होतं. जिंकला होता तो. पण केळीवाल्याचं पोर, वजनातली कापायची ती घट सोडणार कसं?

"आणि अजून दांडा वजा व्हायचाय," असं म्हणत तो आत धावला आणि त्याने दोन्ही पंखे बंद केले.

घरघर थांबली. फाल्गुनापासून पहिल्यांदा घर इतकं गप्प झालं. वहिनीने पदर तोंडाला लावला.

मीटरचा दिवाही थांबला. सगळे त्याच्याकडे पाहत राहिले. कितीतरी वेळाने तो एकदाच लुकलुकला आणि पुन्हा गप्प.

"नवलभाऊ," रोहिदासभाऊ हळूच म्हणाले, "मशीन बंद आहे."

खाट सरकवली, खालचा एक्स्टेंशन बोर्ड ओढून काढला. मशीनची पिन बाजूला धूळ खात पडली होती आणि तिच्या जागी नवलचा चार्जर होता, मोबाईलसकट. भाऊ गेला त्या दिवशी गावोगावच्या नातेवाइकांना फोन लावता लावता मोबाईलची बॅटरी बसली होती, तेव्हा दिसली ती पिन त्याने ओढली होती. (वीजबिल प्रेमराजच्या फोनवर यायचं, आणि तो फोन उघडायची अजून कुणाची हिंमत झाली नव्हती.) म्हणजे भाऊ म्हणून जे इतके दिवस उशाशी घरघरत होतं, ते नुसते पंखे. आणि उकाडा होता तो वैशाखाचा.

आईने सूप खाली ठेवलं. "सगळा, बठ्ठा दांडाच शे रे, नवल्या. केळं एक बी नही."

नवलला रडू फुटणारच होतं. पण तेवढ्यात वहिनी हसली. आधी पदराआड, मग पदर सोडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग तिने आत जाऊन स्वतःच्या हाताने दोन्ही पंखे लावले.

"मशीन राहू द्या," ती म्हणाली. "ते बिचारं काही खात नाही. पण आज दांडा वजा जाता जो काही कार्बन मोजला, तो नवलभाऊंच्या मोबाईलचा निघाला. तो तेवढा घराबाहेर काढा."

तेव्हापासून मशीन घरात आहे, आणि नवल रोज मोबाईल चार्जिंगला लावायला शेतातल्या पंपाच्या खोलीवर जातो. तिथे चहूबाजूंनी केळी आहेत. त्याचा कार्बन त्या खातात, असं रोहिदासभाऊंनी लिहून द्यावं म्हणून तो अजून त्यांच्या मागे लागलाय.