सासऱ्यांनी घट्ट केलेला नट

"ह्यांनी बंद केलेलं काही उघडायला जाऊ नकोस, हाताची सालं निघतील," असं सासूबाईंनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. मी मान डोलावली आणि विसरून गेले. पदवीधर मुलीनं बरणीच्या झाकणाला काय घाबरायचं? पुढे कळलं. माझे सासरे नळ असा बंद करतात की सकाळी पाणी परवानगी मागून येतं. त्यांनी झाकण लावलेली साखरेची बरणी आमच्याकडे कित्येक दिवस नुसती शोभेला होती.

तरीही मी जाहीर केलं, गाडीचं इंजिन ऑइल मी स्वतः बदलणार. माझ्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. तिच्याजवळ दुसरं कोणी नाही, नवरा कामासाठी परगावी, सासूबाई नणंदेकडे. आणि बाबा, म्हणजे सासरे, म्हणाले होते, "तेल बदलल्याशिवाय गाडी गावाबाहेर जाणार नाही." गॅरेजवाला म्हणाला, पुढच्या आठवड्यात आणा. आईचा डोळा पुढच्या आठवड्यापर्यंत थांबणार नव्हता.

"तेलाचा नट मागच्या वेळी मी बसवलाय," बाबा म्हणाले. आवाजात काळजी नव्हती, अभिमान होता.

"मग मी काढते."

"तू काढलास तर गाडी तुझी. जा खुशाल."

नातवाला घेऊन मी एकटीनं एवढी लांब गाडी चालवावी, हे त्यांच्या मनात नव्हतं. ते सरळ बोलण्याऐवजी त्यांनी नटाला पुढे केलं होतं. ठीक आहे, म्हटलं, नट तर नट. बाळाला पाजता पाजता मी या विषयावरचे इतके व्हिडिओ पाहिले की झोपेतही पाना फिरवत होते.

गाडीची पुढची चाकं उतरत्या फळ्यांवर चढवली. मागच्या चाकांना विटा लावल्या. हँडब्रेक ओढला, उतरल्यावर पुन्हा आत डोकावून बघितला, आणि गाडीखाली शिरण्याआधी परत एकदा बघितला. बाळ व्हरांड्यात बाबागाडीत नुकतंच झोपलं होतं. आमच्या बाळाची झोप अशी, की शेजारच्या घरात कोणी जांभई दिली तरी हे उठून बसतं. म्हणून नियम एकच: जे बोलायचं ते कुजबुजत.

इंजिनच्या पोटाशी खालच्या बाजूला एक नट असतो. तो काढला की जुनं तेल बाहेर येतं. मी उताणी पडून त्याला पाना लावला आणि जोर केला. नट ढिम्म. माझाच खांदा सरकला.

"कुठल्या बाजूला फिरवतेस?" बाबा बॉनेट उघडून वरून कुजबुजले. इंजिनच्या फटीतून त्यांनी हात गोल फिरवून दाखवला. "असं. मी दाखवतो तसंच."

मी तसंच फिरवलं. टाचा जमिनीत रोवून फिरवलं, दात आवळून फिरवलं.

तेवढ्यात शेजारच्या काकू फाटकाशी आल्या. त्यांना दिसलं ते असं: गाडीखालून बाहेर आलेले सुनेचे दोन पाय, वर वाकलेला सासरा, आणि तो ओठांवर बोट ठेवून "शू" करतोय.

"अगं, बरी आहेस ना?" काकूंनी विचारलं.

"बरी आहे," मी कुजबुजले. ते फक्त सायलेन्सरला ऐकू गेलं.

काकू भराभरा घरात गेल्या. लगेच बाबागाडीत ठेवलेला माझा फोन खणखणला आणि त्याच्यावर ताण करत बाळ खणखणलं.

"तू कुठे आहेस?" मी गाडीखालून निघून फोन उचलताच नवऱ्यानं विचारलं. "काकू म्हणतात, बाबांनी तुला..."

"बाबांनी मला काही केलेलं नाही. जे केलंय ते नटाला. ठेव फोन, बाळ उठलंय."

माझे हात कोपरापर्यंत काळे. परत आलेल्या काकूंनी बाळाला मांडीवर घेतलं आणि दुधाची बाटली तोंडाला लावली. बाटली गळत होती. मी घाईघाईनं, हाताला फडकं गुंडाळून, ती उलटी असतानाच तिचं झाकण नेहमीसारखं आवळायला गेले. झाकण सुटलं आणि सगळं दूध काकूंच्या मांडीवर.

काकू काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. मी बाटलीकडे बघत होते. उलट्या बाटलीचं आवळणं म्हणजे सोडणं. आणि तो नटही उलटाच होता, तोंड खाली करून. बाबा वरून दाखवत होते, मी खालून फिरवत होते.

"बाबा, मघापासून आपण नट आवळतोय."

"माझा सगळा जन्म नट सोडवण्यात गेलाय."

"कुठे? तुम्ही फक्त आवळता, बाबा. सोडवायचं काम नेहमी दुसऱ्यांकडे असतं."

काकूंना हसू फुटलं. बाबांनी बॉनेटच्या आड तोंड लपवलं.

पाळण्याच्या स्टँडचा लोखंडी पाइप काढून मी पान्याच्या दांड्यावर चढवला, म्हणजे जोर वाढतो. यावेळी फिरवलं ते माझ्या हिशेबानं. एक कर्रकन आवाज झाला. मला वाटलं हाड मोडलं. पण हाड शाबूत होतं, नट हलला होता! बाबांनी ऐनवेळी जे हाताला लागलं ते खाली सरकवलं, आणि तो निघाला बाळाचा अंघोळीचा टब. निम्मं तेल टबात, उरलेलं माझ्या बाहीत. मी बाहेर आले तेव्हा बाळानं मला ओळखलं नाही.

पण नट माझ्या मुठीत होता. बाबांनी तो बराच वेळ बघितला, मग हळूच काढून घेतला. "आता बसवायचं काम माझ्याकडे," म्हणाले आणि गाडीखाली शिरले. काकू कपडे बदलायला घरी गेल्या. मी अंघोळ करून बाळाला खांद्यावर झोपवलं, आणि आता हे एका हातानं लिहितेय, कारण उठले तर ते उठेल.

गाडीखालून बराच वेळ काही आवाज आलेला नाही. तेव्हा तुमच्यापैकी कोणी आमच्या फाटकावरून जाणार असेल, तर कृपा करून गाडीखाली डोकावून बघा. बाबा घोरत असतील तर घोरू द्या, दुपारची वेळ आहे. फक्त त्यांच्या हातातला नट तेवढा काढून घ्या. तो मी बसवीन. त्यांनी आवळला तर आटे जाऊन वाटेत तेल गळायचं. मला उद्या आईकडे जायचंय, आणि परतही यायचंय.