चौदा फूट शिरीष

भोयरकाका कुणाच्याही घरी गेले की आधी फर्निचरची विचारपूस करतात, माणसांची नंतर. मधलं बोट वाकवून कपाटावर दोनदा टकटक करायचं, कान लावायचा आणि निकाल द्यायचा, "भुसा!"

आमच्या वास्तुशांतीलाही त्यांनी हेच केलं. गुरुजी होमात तूप घालत होते, माझ्या सासरची सगळी मंडळी पाटावर बसली होती आणि हे गृहस्थ माझ्या नव्याकोऱ्या स्वयंपाकघरात कपाटं वाजवत फिरत होते. "मंजू, फसवलं तुले. भुसा अन् गोंद हाय हा. पान्यात फुगते का नाई पाय." मी हसले. हसायला नको होतं. मला पटलं असं त्यांना वाटलं.

इथे हिंदी मुलखात, गुढियारीजवळच्या आमच्या गल्लीत त्यांची नि आमची कुंपणभिंत एकच आहे, म्हणून हे सगळं माझ्या वाट्याला. उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये त्यांची नोकरी झाली. रिटायर झाल्यावर म्हणाले, "जिंदगीभर लोखंड पाहून राहिलो, आता लाकूड पाहीन." नुसतं पाहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. त्यांनी पेट्रोलवर चालणारी चेनसॉ विकत आणली.

मग उन्हाळ्यातल्या एका वादळात गल्लीच्या तोंडाशी असलेलं शिरीषाचं झाड आडवं झालं. दुसऱ्या दिवशी ट्रक घेऊन पालिकेची माणसं आली, खडूने खोडावर खुणा करू लागली. काका बनियनवर धावत गेले आणि खोडावर मांडी घालून बसले.

"तीन-तीन फुटाचे तुकडे काहून करून राहिले?"

"अंकल, ट्रक में आएगा कैसे?" मुकादम म्हणाला.

"ट्रक लहान हाय म्हणून झाड लहान करता? मोठा ट्रक आणा! इतकं सरळ खोड, चौदा फूट, अन् चुलीत घालता? लाज नाई वाटत?"

मुकादमाला मराठी कळत नव्हती, पण लाज कळली. काका जेवणाची वेळ होईस्तोवर उठले नाहीत. मध्येच घरून कागद मागवून त्यांनी रीतसर अर्जही लिहिला, खोडावरच बसून. शेवटी मुकादमाने अर्जावर वरच्या साहेबाची सही आणून दिली, फांद्या भरल्या आणि हात जोडले. "हव अंकल, ले जाओ. पर रोड साफ होना." खोड काकांच्या अंगणात ढकलत न्यायला आठ जण लागले. त्यातले एक आमचे हे. दोन दिवस कंबर धरून झोपले होते.

खरा छळ पुढे सुरू झाला. चेनसॉ झाड आडवं कापते, काकांना उभ्या फळ्या हव्या होत्या. त्यासाठी त्यांनी लोखंडी पट्ट्यांची एक चौकट स्वतः वेल्ड करून मशीनला लावली. पण पहिला काप सरळ जायला वर काहीतरी सपाट पाहिजे. ते सपाट म्हणजे माझी ॲल्युमिनियमची शिडी! पंखे पुसायला नेतो म्हणाले आणि खिळे मारून खोडावर बसवली. त्या शिडीवरून चौकट सरकवत ते इंच इंच पुढे जायचे आणि आख्ख्या गल्लीचे कान किटायचे.

आवाज परवडला. शिरीषाच्या भुशाने शिंका येतात हे मला तोवर माहीत नव्हतं. आमचं घर शिंकलं, समोरचं घर शिंकलं, दूधवाला सायकल भिंतीला टेकवून शिंकला. गच्चीवर मी कुरडया वाळत घातल्या होत्या, त्यांच्यावर पिवळा थर बसला. मी मूठभर कुरडया घेऊन तशीच भिंतीपाशी गेले.

"काका, माझ्या कुरडया पाहा!"

त्यांनी एक कुरडई उचलून हुंगली. "अस्सल शिरीष हाय, मंजू. तुया कपाटातल्या भुशापेक्षा चांगला."

मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नाही, हा आणखी एक संताप. फळ्या अंगणात रचून ठेवल्या होत्या, दोन फळ्यांमध्ये बारक्या पट्ट्या, वारा खेळावा म्हणून. टोकं तडकू नयेत म्हणून त्यांना फाटकाचा उरलेला हिरवा रंग. कुणी हात लावला की आतून ओरडा, "ओलं हाय! वर्षभर शिवू नका!"

वर्ष झालं. आणि एका रविवारी सकाळी पुन्हा घरघर सुरू झाली. या वेळी पॉलिश पेपरच्या मशीनची. माझी मुलगी म्हणाली, "मम्मी, अब तो बोल ही दो." मी काय काय बोलायचं ते मनात नीट लावलं, शिडीपासून सुरुवात करायची ठरवली आणि त्यांच्या दारात गेले.

दार उघडं होतं. आत भिंतीला, कमरेच्या उंचीवर, एक लाकडी दांडी लावलेली दिसली. गोल, गुळगुळीत, मधासारख्या रंगाची. काकांच्या बायकोच्या, शकुनकाकूंच्या, पलंगापासून निघालेली, पूर्ण भिंतभर, कुठेही जोड नाही. काकू तिच्यावर बोटं टेकवून चालत होत्या. एका ठिकाणी थांबल्या, अंगठ्याने चाचपलं. तिथे एक खाच होती.

"एक खाच, सैपाकघर," काकू म्हणाल्या. "दोन आल्या की न्हाणी."

काकूंना कमी दिसतं एवढंच आम्हाला माहीत होतं. त्या बाहेर येईनाशा झाल्या तेव्हा गुडघे दुखत असतील असं मी ठरवून टाकलं होतं. शेवटची कधी भेटायला गेले होते, ते मला आठवेना.

काका अंगणात आणखी एक दांडी घासत होते, ते मशीन बंद करून माझ्याजवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "आता उजेड-अंधार तेवढा समजते तिले. बजारात इतकी लांब दांडी भेटत नाई, जोड द्या म्हणतात. जोड आला का तिचं बोट अडकते, रस्ता संपला वाटते तिले. उभी राहते मंग तितीच."

"स्टीलची लावायची की, काका. तुमच्याच मिलची."

"थंडीत गार लागते ना."

बाहेर वऱ्हांड्यात दुसरी दांडी होती; तिला धरून काकू फाटकापर्यंत आल्या. तिथे दांडी संपली. त्यांचा हात हवेत थोडा पुढे गेला आणि मागे आला.

"कोण, मंजू ना? लय दिवसांनी."

"हो, काकू."

"तुयाकडं यायचं होतं मले. कुरडयाईच्या वक्ताले येत होती ना मी."

काकांनी आमच्या सामाईक भिंतीकडे पाहिलं, मग अंगणात उरलेल्या दांडीकडे, मग माझ्याकडे. इतकी वर्षं शेजारी राहते, पण त्यांना चाचरताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"मंजू, तुया दारापर्यंत नेऊ काय? भिंतीले... तुया बाजूनं चार भोकं पडतीन."

मी पदर खोचला आणि दांडीचं दुसरं टोक उचललं. चांगलंच जड होतं.