अधिकृत आकडा

निकिताच्या फीचरमध्ये सगळं होतं, फक्त आकडा नव्हता. पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षासाठी तिनं कॉलनीतल्या दत्तमंदिराबाहेर बावीस वर्षं फुलं विकणाऱ्या कलाबाईंवर लिहिलं होतं. सोमवारी बेल, मंगळवारी दूर्वा, गुरुवारी पिवळी शेवंती. निकिताच्या आईचे सगळे वार कलाबाईंच्याच टोपलीवर चालत.

किशोर सरांनी लेख परत केला. भावना पुष्कळ आहेत, पार्श्वभूमीचा अभ्यास दिसत नाही, म्हणाले. विक्रेते किती, परवाने कितींना, अधिकृत आकडा आणा.

तिनं कलाबाईंना विचारलं.

"चौघी बसतो. कोणाला ताप आला का तिघी."

हा आकडा सरांना चालला नाही. मग ती नगरपालिकेच्या कार्यालयात गेली. तिथले सावळीराम भाऊसाहेब भला माणूस. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, अशी नोंदच नाही हेही सांगून टाकलं; पण लेखी अर्ज आला तर मोजून उत्तर देऊ म्हणाले. निकितानं सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. वर कलाबाईंचा फोटोही जोडला.

मोजायला साहेब येणार म्हणून कलाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. नाव, गाव, वर्षं, सगळं विचारायच्या आधीच सांगितलं. मोजणाऱ्या दोघांना एकेक चाफा दिला. चौथ्या दिवशी पालिकेची गाडी आली आणि चौघींच्या टोपल्या बाकड्यांसकट उचलून घेऊन गेली.

निकिता धावत कार्यालयात पोचली.

"मॅडम, मोजल्यावर विनापरवाना निघाल्या," सावळीराम कळवळून म्हणाले.

"आधी दिसत नव्हत्या का?"

"रोज दिसायच्या. मी हार तिथूनच न्यायचो. पण कागदावर नव्हत्या ना."

संध्याकाळी कलाबाई कॉलनीच्या फाटकाशी भेटल्या. आवाजात राग नव्हता, तेच जड गेलं.

"बावीस वर्षं बसले पोरी, कोणी मोजलं नाय. तू मोजलंस अन् मी उठले."

"मावशी, आता कुठं बसणार?"

"ते तुला नाय सांगायची."

पुढच्या मंगळवारी अर्जाचं उत्तर आलं, सही-शिक्क्यासह. परवानाधारक विक्रेते: निरंक. विनापरवाना विक्रेते: निरंक. सरांनी फोनवर अभिनंदन केलं. पार्श्वभूमीचे पूर्ण गुण देतो म्हणाले.

आई गणपतीपुढं बसली होती. सवयीनं दूर्वांकडे गेलेला हात रिकाम्या ताम्हनावरून तिनं मागे घेतला.

"त्या कागदावर जागा असेल," ती हळूच म्हणाली, "तर दूर्वाही लिहून घे. निरंक."